आधी डोंगर ठरवा, मग शहर: भटकंती आणि साहस एकाच सुट्टीत बसवताना

पहिल्यांदा अशी सुट्टी आखली तेव्हा वहीत सगळं चोख मांडलं होतं. आधी चार दिवस शहर, मग तीन दिवस डोंगर. शहरात रोज वीस-बावीस हजार पावलं होत होती: संग्रहालयं, जुन्या गल्ल्या, घंटाघराचा जिना, नदीकाठ. चालताना काही जाणवलं नाही. चौथ्या रात्री खोलीवर येऊन मोजा काढायला गेले तर तो निघेना. उजव्या टाचेवर नाण्याएवढा फोड येऊन फुटला होता आणि मोजा त्याला चिकटून वाळला होता. कोमट पाण्यात पाय बुडवून तो हळूहळू सोडवला. दुसऱ्या दिवशी सहा तासांची धार चढायची होती. तासाभरात मी परत फिरले, आणि बरोबरचे तिघं वरून येईपर्यंत पायथ्याच्या बाकावर बसून रोपवेचे पाळणे मोजले. एकशे बारा भरले.

चूक वहीतल्या क्रमात होती. त्यानंतर अशा पाच-सहा सुट्ट्या केल्या आणि आखणीची पद्धत पार उलटी केली. शहर आपलं ऐकून घेतं. पाऊस लागला तर संग्रहालयात शिरता येतं, दमलात तर दुपारभर लोळता येतं. डोंगर, नदी आणि समुद्र काही ऐकत नाहीत. म्हणून आधी त्यांना हव्या त्या तारखा द्यायच्या आणि उरलेल्या जागेत शहर बसवायचं. खालच्या पायऱ्या याच हिशेबाने लावल्या आहेत.

## १. हंगाम बघा, मग सुट्टीचा अर्ज करा

शहराचा चांगला हंगाम आणि जवळच्या डोंगराचा चांगला हंगाम एकच असेल असं धरून चालू नका. युरोपातली शहरं एप्रिल-मेमध्ये सुरेख असतात, पण त्याच वेळी आल्प्समधल्या उंच खिंडी बर्फाखाली असतात आणि तिथल्या डोंगरी निवासांपैकी बरेचसे जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंतच उघडे असतात. पेरूमधली, माचू पिच्चू या प्राचीन इंका शहराकडे जाणारी प्रसिद्ध इंका वाट दर फेब्रुवारीत पूर्ण बंद असते. तिकीट स्वस्त मिळालं म्हणून फेब्रुवारी गाठणाऱ्याला कुस्को शहर बघायला मिळेल, वाट नाही.

तपासायचं ते महिन्याचं सरासरी तापमान नव्हे. पावसाचे दिवस किती, उजेड किती तास, वाट आणि निवास उघडे आहेत का, हे बघा. आणि हे सगळं माथ्याच्या उंचीवर बघा. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. शहरात २४ अंश असताना दोन हजार मीटर वर गेलात तर ११ अंश, त्यात वारा वेगळाच.

## २. ठिकाण निवडताना नकाशावरचं अंतर नको, दार ते दार वेळ मोजा

ठिकाणं ढोबळमानाने दोन प्रकारची.

पहिल्या प्रकारात डोंगर शहरातच असतो. केप टाऊनच्या डोक्यावर १,०८६ मीटरचा टेबल माउंटन आहे. हाँगकाँगच्या गगनचुंबी इमारतींमागे १०० किलोमीटरचा मॅकलेहोज ट्रेल दहा टप्प्यांत पसरलेला आहे आणि एकेक टप्पा दिवसात करून रात्री शहरात परतता येतं. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकला शहराच्या मधोमध फ्युनिक्युलरमध्ये (दोराने ओढल्या जाणाऱ्या डोंगरी रेल्वेत) बसायचं, पुढे रोपवे बदलत २,२५६ मीटरवरच्या हाफेलेकार स्थानकाला उतरायचं. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी असंच ठिकाण निवडावं. एकच मुक्काम, सामान हलवायची कटकट नाही, आणि हवा बिघडली तर दिवसांची अदलाबदल सकाळी उठून करता येते.

यातही एक खोड आहे. डोंगर इतका हाताशी असला की तो डोंगर वाटतच नाही. इन्सब्रुकसारख्या ठिकाणी अर्ध्या तासात आपण शहराच्या कपड्यांत आणि गुळगुळीत तळव्याच्या बुटांत कड्यावर उभे असतो. टेबल माउंटनचा रोपवे वारा सुटला की बंद होतो. चढून जाऊन रोपवेने उतरू असा बेत असेल, तर चालत उतरण्याइतकं बळ आणि उजेड हाताशी ठेवावाच लागतो.

दुसऱ्या प्रकारात शहर एकीकडे, डोंगर किंवा नदी तीन-चार तासांवर. हे करा, पण मुक्काम बदलणं म्हणजे अर्धा दिवस गेला हे वहीत आधीच लिहा. आवराआवरी, स्थानक, प्रवास, खोली मिळेपर्यंतची वाट; कितीही चपळाई केली तरी अर्धा दिवस जातोच. आठवड्याच्या सुट्टीत दोनदा मुक्काम बदलणं पुरे.

## ३. आपली ताकद आकड्यात मोजा

माहितीपत्रकातल्या ‘मध्यम’ या शब्दावर विश्वास ठेवू नका. तो कोणासाठी मध्यम, हे कुठेच लिहिलेलं नसतं.

चालण्यासाठी एक जुना हिशेब आहे. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने तो १८९२ मध्ये मांडला: सपाटीवर पाच किलोमीटरला एक तास आणि वर प्रत्येक ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. समजा वाट १२ किलोमीटरची आणि एकूण चढ ९०० मीटर. अंतराचे सुमारे अडीच तास, चढाचे दीड, म्हणजे चार तास. पण हा हिशेब सराव असलेल्या माणसाचा आहे, त्यात विश्रांती नाही, फोटो नाहीत आणि घसाऱ्यावरून बिचकत उतरणं तर नाहीच. नवख्या गटाने त्यात निम्मे आणखी मिळवावेत. चाराचे सहा. हे सहा तास अंधार पडायच्या दोन तास आधी संपत असतील तरच ती वाट तुमची.

इतर प्रकारांना श्रेणी असतात, त्या नीट विचारून घ्या. राफ्टिंगच्या नदीची श्रेणी एक ते सहा. नवख्यांनी तीनच्या पुढे जाऊ नये, सहावी तर जवळपास अशक्यच धरली जाते. स्वित्झर्लंडमध्ये पायवाटा टी-१ ते टी-६ अशा मोजतात आणि वाटेवरच्या खुणाच बोलतात: पिवळी पाटी म्हणजे साधी वाट, पांढरा-लाल-पांढरा पट्टा म्हणजे डोंगरी वाट, पांढरा-निळा-पांढरा दिसला की हातापायांचा वापर, कधी दोर. प्रस्तरारोहणाचे आकडे मात्र देशागणिक बदलतात. फ्रेंच पद्धतीतला पाच आणि अमेरिकन पद्धतीतला पाच यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. आकडा ऐकला की ‘कुठल्या पद्धतीतला?’ हे विचारायचंच.

गटात सगळ्यात हळू चालणारा कोण, हेही आधीच मोकळेपणाने बोला. वेळापत्रक त्याचंच धरायचं.

## ४. दिवस लावा (इथेच बहुतेकांचं फसतं)

माझा ठरलेला साचा असा: शहराचा छोटा तुकडा, मग डोंगर, मग शहराचा मोठा तुकडा. नऊ दिवस असतील तर हे असं दिसतं.

- दिवस १: पोहोचणं, झोप, संध्याकाळी आसपास एक फेरी
- दिवस २: शहर, पण दुपारपर्यंतच
- दिवस ३: डोंगराच्या पायथ्याला जाणं, उतरल्यावर तासाभराची चाल
- दिवस ४: सोपी वाट, बूट, सॅक आणि भिडू तिन्हींची परीक्षा
- दिवस ५: मोठा दिवस
- दिवस ६: राखीव
- दिवस ७: सकाळी सायकल किंवा कयाक, दुपारी परत शहरात
- दिवस ८ आणि ९: शहर, मनसोक्त

सहावा दिवस पाहून प्रत्येक जण म्हणतो, ‘इतका खर्च करून एक दिवस रिकामा?’ तो रिकामा नाही. पाचव्या दिवशी ढग उतरले तर मोठा बेत सहाव्यावर सरकतो. पाचवा उत्तम गेला तर सहाव्याला पाय वर करून बसा, तेवढी गरज असतेच. बाहेरच्या दर तीन दिवसांमागे एक राखीव, हे माझं प्रमाण. राखीव दिवस नसला की माणूस खराब हवेतही वर जातो, कारण पैसे भरलेले असतात आणि उद्या परतीची गाडी असते.

शहरातली पायपीट ही विश्रांती समजू नका. फरशीवरची आणि दगडी रस्त्यांवरची वीस हजार पावलं टाचेला जंगलातल्या मऊ वाटेपेक्षा जास्त झोडपतात. मोठ्या दिवसाच्या आदल्या दिवशी शहर ठेवलंच असेल तर बस, ट्राम, बोट काय मिळेल ते वापरा आणि मनोऱ्यांचे जिने परतीसाठी ठेवा.

शहरात परत येण्याचा आणखी एक फायदा म्हणजे सामान. दोन्ही वेळा एकाच ठिकाणी खोली घेतली तर मोठी बॅग तिथेच ठेवून फक्त सॅक घेऊन डोंगराकडे जाता येतं. बहुतेक ठिकाणी ‘नाही’ म्हणत नाहीत, पण खोली घेतानाच विचारून ठेवा.

क्रमाचे दोन नियम मात्र हौसेवर सोडण्यासारखे नाहीत.

उंची: अडीच हजार मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास कोणालाही होऊ शकतो, तुमच्या तंदुरुस्तीचा त्याच्याशी संबंध नाही. तीन हजारांच्या वर रात्रीच्या मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांतून एक दिवस उंची न वाढवता काढावा. काही ठिकाणी तर शहरच वर असतं. कुस्को सुमारे ३,४०० मीटरवर आहे आणि माचू पिच्चू २,४३० वर, म्हणजे चक्क खाली. त्यामुळे जाणते लोक विमानतळावरून थेट ओलान्तायतांबोसारख्या साधारण २,८०० मीटरवरच्या गावात उतरून जातात आणि कुस्को शेवटी बघतात. डोकं दुखतंय, मळमळतंय, झोप नाही, अशा वेळी वर जायचं नाही. तोल जायला लागला, बसल्या जागी धाप लागली तर रात्र असली तरी खाली उतरायचं.

पाण्याखालचं डायव्हिंग: शेवटची बुडी आणि विमान यांत एकाच बुडीनंतर किमान १२ तास, अनेक बुड्या किंवा अनेक दिवस झाले असतील तर किमान १८ तास लागतात. मी सरळ पूर्ण २४ तास धरते. हाच नियम उंच डोंगरालाही लागू आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. सकाळी बुडी आणि दुपारी रोपवेने माथ्यावर, असा बेत कागदावर फार गोड दिसतो. रक्तात विरघळलेला नायट्रोजन कमी दाबात बुडबुडे होऊन बाहेर येतो, त्याला तुमची सुट्टी कळत नाही. म्हणून समुद्र आधी असेल तर मध्ये एक दिवस शहराचा घाला.

## ५. आरक्षणाचा क्रम

ज्याची संख्या मर्यादित, ते आधी. इंका वाटेवर दिवसाला ५०० जणांनाच सोडतात आणि त्यात वाटाडे, हमालही धरलेले असतात. परवाना पासपोर्टच्या नावाने आणि क्रमांकाने निघतो, दुसऱ्याला देता येत नाही. शहरातही असं एखादं ठिकाण असतंच: स्पेनमधल्या ग्रॅनडाच्या अलहंब्रा किल्ल्यातल्या नासरिद राजवाड्यांची तिकिटं ठरावीक वेळेची आणि नावाची असतात, वेळ चुकली की आत सोडत नाहीत. असं वेळेचं तिकीट मोठ्या ट्रेकच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नऊचं कधीही घेऊ नका.

त्यानंतर डोंगरी निवास, मग विमान, मग वाटाड्या किंवा साहस घडवणारी संस्था, आणि सगळ्यात शेवटी शहरातली खोली. शहरातली खोली रद्द करता येईल अशीच घ्या. राखीव दिवस सरकला की तिलाच सरकावं लागतं.

संग्रहालयांचे सुट्टीचे वार लिहून ठेवा. अनेक ठिकाणी सोमवार असतो, पण पॅरिसचं लूव्र मंगळवारी बंद असतं.

वाटाडे आणि संस्थांना मी चारच प्रश्न विचारते. एका मार्गदर्शकामागे किती माणसं? हवा बिघडली तर पैसे परत की तारीख पुढे? हेल्मेट, लाइफ जॅकेट, हार्नेस माझ्या मापाचं आहे का? अपघात झाला तर बाहेर काढण्याची व्यवस्था काय? चौथ्या प्रश्नाला ‘आजवर काही झालं नाही’ असं उत्तर आलं की मी नमस्कार करून निघते.

## ६. कागदपत्रं

- पासपोर्ट: बरेच देश प्रवेशाच्या वेळी सहा महिन्यांची वैधता मागतात, शेंगेन देशांत (एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश) परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने लागतात
- व्हिसा, आणि त्यावरच्या तारखांत राखीव दिवस बसतो का
- परवाने, त्यांवरचं नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळलेलं
- विमा पॉलिसीची पूर्ण प्रत, फक्त कार्ड नव्हे
- गाडी किंवा स्कूटर चालवणार असाल तर मूळ परवाना आणि आंतरराष्ट्रीय परवाना, दोन्ही
- रक्तगट, अ‍ॅलर्जी, चालू औषधं आणि घरच्यांचा क्रमांक लिहिलेला कागद, सॅकच्या वरच्या कप्प्यात
- सगळ्याची छायाचित्रं फोनमध्ये, नेट नसताना उघडतील अशी

विम्याबद्दल थोडं थांबून. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय संरक्षण लागतं, ते घेतलं की लोक निर्धास्त होतात. पण साध्या प्रवास विम्यात बहुतेकदा ‘धोकादायक खेळ’ वगळलेले असतात आणि त्या यादीत कधी राफ्टिंग असतं, कधी दोर लावून केलेलं कुठलंही चढणं, कधी ठरावीक उंचीच्या वरचा ट्रेक. पॉलिसी उघडून ‘अपवाद’ हे पान वाचा. तुम्ही करणार आहात त्या प्रत्येक खेळाचं नाव आणि सर्वांत जास्त उंची लिहून कंपनीला मेल करा आणि लेखी उत्तर घ्या. हेलिकॉप्टरने सुटका धरलेली आहे का, हेही त्याच मेलमध्ये. योग्य परवान्याशिवाय स्कूटर चालवताना अपघात झाला तर दावा सहसा फेटाळतातच.

## ७. सामान

एका सुट्टीसाठी दोन वेगळी कपाटं न्यायची नाहीत. गडद रंगाची, लवकर वाळणारी पँट डोंगरावरही चालते आणि संध्याकाळी शहरातही शोभते. पूर्ण सुती कपडे डोंगरासाठी नकोत. घामाने ओले झाले की अंगावरच थंड पडतात.

- वापरून मऊ झालेले ट्रेकिंगचे बूट, आणि शहरासाठी हलके वेगळे
- मोज्यांच्या चार जोड्या, दोन जाड
- पावसाळी जाकीट, शिवण बंद केलेलं. आत एक उबदार थर
- २० ते ३० लिटरची सॅक, पावसाच्या आवरणासह
- हेडटॉर्च, फोनची टॉर्च हात अडकवते आणि बॅटरीही खाते
- शिट्टी, फोडांची पट्टी, चिकटपट्टी, लवचिक बँडेज
- गॉगल आणि सनस्क्रीन. हजार मीटरमागे अतिनील किरणं साधारण दहा टक्क्यांनी वाढतात
- पाणी: लिटरमागे एक किलो ओझं, त्यामुळे वाटेत कुठे भरता येईल ते आधी शोधा

विमानाचे सापळे वेगळे. पॉवर बँक फक्त हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये चालत नाही, आणि १०० वॅट-तासांपर्यंतचीच विनापरवानगी नेता येते. २०,००० एमएएच म्हणजे २० अँपिअर-तास, त्याला ३.७ व्होल्टने गुणलं की ७४ वॅट-तास, म्हणजे ती बँक चालते. ट्रेकिंगच्या काठ्या चेक-इनमध्ये टाका. शेगडीचा गॅसचा डबा मात्र कुठल्याच बॅगेत चालत नाही. आमचा एकदा अर्धा भरलेला डबा सॅकच्या तळाशी विसरला होता. सुरक्षा तपासणीच्या टेबलावर एकेक मोजा बाहेर काढत तो शोधावा लागला, मागे रांग ताटकळलेली. डबा तिथे पोहोचल्यावरच विकत घ्यायचा.

बूट पायांत घालूनच विमानात बसा. बॅग हरवली तर बाकी सगळं विकत किंवा भाड्याने मिळतं, पण पायाच्या आकाराला मुरलेला बूट मिळत नाही.

## ८. आठ आठवडे आधीपासून

व्यायामशाळेची गरज नाही. आठवड्यातून तीनदा पाच-सहा किलो ओझं पाठीवर घेऊन जिने चढा आणि, याकडेच सगळे काणाडोळा करतात, तेच जिने चालत उतरा. चढताना दम लागतो, पण मांड्या आणि गुडघे कामातून जातात ते उतारावर. नवे बूट या आठ आठवड्यांत किमान पन्नास किलोमीटर चालवा. नखं निघायच्या दोन-तीन दिवस आधी कापा, नाहीतर उतारावर बोटं पुढे आपटून नखं काळी पडतात. शेवटच्या पंधरवड्यात एकदा सलग दोन दिवस मोठी चाल ठेवा. पहिल्या दिवशी सगळेच चालतात. दुसऱ्या दिवशी सकाळी पाय काय म्हणतात, ते कळायला हवं.

## ९. तिथे पोहोचल्यावर

आदल्या संध्याकाळी स्थानिक हवामान बघा आणि निवासातल्या माणसालाही विचारा. उन्हाळ्यात उंच डोंगरांवर वादळं बहुधा दुपारनंतर उठतात, म्हणून लवकर निघून दुपारच्या आत धारेवरून खाली या. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदही लागले नाहीत तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. धार सोडा, एकटं झाड टाळा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा.

परत फिरायची वेळ सकाळीच ठरवा. ‘एक वाजता जिथे असू तिथून मागे’ असं सगळ्यांसमोर बोलून टाका. माथा दिसायला लागल्यावर ठरवायला गेलात तर कोणी ऐकत नाही, मीही नाही.

नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून फोन विमान मोडवर टाका. जीपीएसला नेटवर्क लागत नाही आणि बॅटरी दुप्पट तरी पुरते. कुठली वाट, किती जण, कधी परत, हे निवासात लिहून द्या. मदतीची डोंगरातली खूण म्हणजे मिनिटाला सहा शिट्ट्या किंवा टॉर्चचे सहा झोत, मग मिनिटभर शांतता, मग पुन्हा सहा. उत्तर तीनाचं येतं. युरोपीय संघात ११२ हा क्रमांक कुठल्याही फोनवरून लागतो.

## १०. परत शहरात

आता घंटाघर, जिने, रात्रीचं भटकणं, काय हवं ते. आधी बूट वाळवा: आतले तळवे काढून वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दोन तासांनी बदला. हीटरवर ठेवू नका, डिंक सुटतो.

मग जुना टूथब्रश घेऊन तळव्याच्या खाचांतली माती काढा, काठ्यांची टोकंही घासा. पुढचं विमान न्यूझीलंड किंवा ऑस्ट्रेलियाचं असेल तर वापरलेले ट्रेकिंगचे बूट आणि सामान अर्जात जाहीर करावं लागतं, आणि तळव्याला चिकटलेली माती किंवा बी दिसली तर ते विमानतळावर बाजूला घेतात. टूथब्रश सामानाच्या यादीत लिहायचा राहिला, तो तेवढा वाढवा.